शेजारच्या सीटची ऊब

टू हार्बर्सला जानेवारीत खनिजाची जहाजंसुद्धा थांबतात.
आर्विड लुंडीन थांबत नाही.
उणे एकोणीसमध्ये गॅरेजचं दार अर्धं वर करून
एकोणीसशे तीसच्या फोर्डच्या पोटात
कोपरापर्यंत शिरलेला.

त्याच्या हातात बिडाचा एक ओबडधोबड तुकडा.
'सगळी आग यातून बाहेर जाते,' तो म्हणाला
आणि पान्याच्या टोकानं त्याला टिचकी मारली.
ठण्ण.
मी हसले. आमच्याकडे मडकं असंच घेतात,
वाजवून, कान लावून.
तडा गेलेलं बद्द बोलतं.
'बद्द,' त्यानं म्हणून पाहिलं,
मग कोपऱ्यातला टाकाऊ मॅनिफोल्ड वाजवला.
बद्द.

हीटर म्हणजे तरी काय,
तापल्या बिडाभोवती पत्र्याचा झगा.
पुढून पंख्याचा वारा आत शिरतो,
लोखंडाला अंग घासून तापतो
आणि पायांपाशी एका भोकातून गाडीत येतो.
पाणी नाही, पंप नाही, वायर नाही.
मला न्हाणीतला बंब आठवला:
मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी.
पण बंबातलं पाणी धुराला कधी भेटत नसे.
इथे वारा आणि धूर यांच्यामध्ये
एक गॅस्केट आहे,
लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याहून थोडं जाड.

मी हॉस्पिटलात श्वासाच्या विभागात आहे.
थंडीत येणारी ती माणसं मला ठाऊक आहेत.
डोकं जड, जीभ जड,
आणि बोटाला लावलेलं यंत्र दाखवतं नव्व्याण्णव.
खोटं. रक्तात प्राणवायूच्या जागेवर
दुसरंच कुणी बसलंय, ते त्याला ओळखता येत नाही.
म्हणून मी डॅशबोर्डखाली माझा डिटेक्टर टांगला,
लिंबू-मिरची टांगावी तसा.
आर्विड काही बोलला नाही.
चारही नट पुन्हा एकदा आवळले.

कॅसल डेंजरच्या दिशेनं निघालो. गावाचं नावच ते.
उजव्या हाताला सरोवर, पांढरं, आवाज नसलेलं.
पहिले तीन मैल काहीच नाही.
मग जळक्या तेलाचा वास, मग जुन्या धुळीचा,
आणि मग घोट्यापाशी
ते.
झळ, धग, आच, ऊब:
चार शब्द असूनही मी गप्प.
चढावर नडगी भाजत होती,
गुडघ्याच्या वर मात्र जानेवारी जसाच्या तसा.
आमचेच श्वास काचेवर आतून गोठत होते
आणि आर्विड ते जुन्या लायब्ररी कार्डानं खरवडत होता.

मॅनिफोल्ड इंजिनच्या उजव्या अंगाला,
म्हणून भोक उजवीकडे,
म्हणून ऊब फक्त शेजारी बसणाऱ्याला.
'आणि चालवणाऱ्याचं काय?'
'चालवणारा चालवतो.'
दोन मोजे, वर लोकरीचे बूट, मांडीवर घोंगडी.
नव्वद वर्षं कुणीच ते भोक डावीकडे नेलं नाही.

झाकण पितळेचं, पायानं सरकवायचं.
मी बुटाच्या टोकानं ढकलत होते, ते अडत होतं.
'टाचेनं,' तो म्हणाला. रस्त्यावरची नजर न काढता.
मग बऱ्याच वेळानं, 'मार्गिट टाचेनं उघडायची.'
वाकून पाहिलं:
झाकणाचा एक कोपरा झिजून लखलखीत,
माझ्याहून लहान पावलाच्या मापाचा.
टाचेनं उघडलं. उघडलं.

डिटेक्टरवर शून्य. येतानाही शून्य.
मी उगाच चार वेळा पाहिलं.

गॅरेजमध्ये इंजिन बंद केल्यावर
त्यानं आधी बॉनेट उचललं,
हातमोजे दातांनी ओढून काढले
आणि दोन्ही तळवे त्या पत्र्याच्या झग्यावर धरले,
चुलीपुढे धरावेत तसे.
चाळीस मैलांत पहिल्यांदा.
'ये,' म्हणाला, थोडा बाजूला सरकला.

निवताना बीड बोलत होतं.
ठण्ण नाही, बद्द नाही.
टिक.
बराच वेळ काही नाही.
टिक.